हरणाचं मांस ‘हलकं’ का म्हणतात? जालन्याच्या माळावरून काही विचार

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं मांसावर कशाला बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. रास्त आहे. पण मी स्वयंपाक सांगायला आलेलो नाही. एक शब्द आपण सर्रास वापरतो, ‘हलकं’. हरणाचं मांस हलकं, सशाचं हलकं, तितर-लावा हलके. बोकड जरा जड, डुक्कर फार जड. आणि लगेच पुढचं वाक्य येतं की रानातल्या मांसात ताकद असते, गावातल्यात नाही. आपल्या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत असं सांगणारी माणसं भेटतील. आता जे हलकं आहे त्यात ताकद जास्त कशी? हे दोन शब्द एकत्र नांदतात, याचा अर्थ त्यांच्यामागे काहीतरी आहे. ते काय आहे, तेवढं आज बघू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं शिकारीला बंदी आहे. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केली तर तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास. ससाही रानातून धरून आणता येत नाही. तेव्हा आज जे बोलणार आहे ते समजून घेण्यासाठी आहे, ताटात वाढून घेण्यासाठी नाही.

सुरुवात चरकापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, मांसाचे आठ वर्ग केलेले आहेत. गंमत अशी, की ही वर्गवारी प्राण्याच्या आकारावरून किंवा अवयवांवरून केलेली नाही. प्राणी राहतो कुठं आणि खातो कसा, यावरून केलेली आहे. हिसकावून खाणारे, बिळात राहणारे, पाणथळ जागी चरणारे, पाण्यावर वावरणारे, पाण्यात राहणारे, कोरड्या रानात हिंडणारे, पायांनी उकरून खाणारे पक्षी आणि चोचीनं टोचून खाणारे पक्षी. कोरड्या रानातल्यांना त्यानं ‘जांगल’ म्हटलंय. आणि त्याच्या दोन अध्याय आधी, पंचविसाव्यात, जिथं तो प्रत्येक जातीतला सर्वांत हितकर पदार्थ कोणता ते सांगतो, तिथं हरणांमध्ये ‘एण’ म्हणजे काळवीट आणि पक्ष्यांमध्ये लावा यांना पहिला मान दिलाय.

आता ‘जांगल’ या शब्दाकडं बघा. आपण जंगल म्हटलं की दाट झाडी डोळ्यांपुढं येते. संस्कृतातला अर्थ जवळजवळ उलटा. चरक जांगल प्रदेशाचं वर्णन करतो ते असं: वर मोकळं आभाळ, खैर, बोर, शमी यांसारखी काटक झाडं, कोरडा वारा, खडी-वाळू, दुपारी दिसणारं मृगजळ, आणि जमिनीवर फिरणारे तितर-लावे. फ्रान्सिस झिमरमन नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं या एका शब्दावर पुस्तक लिहिलं, १९८२ साली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आयुर्वेदातला मांसाचा विचार हा मुळात भूगोलाचा विचार आहे. कोरडी भूमी आणि पाणथळ भूमी, जांगल आणि आनूप, हा तो पाया. ते वर्णन वाचताना मला तरी अंबड-घनसावंगीकडचा माळ दिसतो. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही भरवशाचा नाही; बाभळी, बोरी, हिवर. (हिवर म्हणजे पांढऱ्या खोडाची बाभूळच.) तेव्हा आपण जांगल प्रदेशातली माणसं आहोत, असं म्हणायला हरकत नाही.

बरं, जांगल प्राण्याचं मांस लघु का? चरकाची कारणं फार साधी आहेत. मांस तपासताना काय काय बघावं याची त्यानं यादीच दिलीय: प्राणी कुठं चरतो, शरीराचा कुठला भाग, त्याचा स्वभाव, तो किती हालचाल करतो, नर की मादी, आकार केवढा, त्यावर संस्कार कोणता केला आणि खाल्लं किती. यातली ‘क्रिया’ महत्त्वाची. आळशी प्राण्यापेक्षा खूप हिंडणाऱ्या प्राण्याचं मांस हलकं, असं तो स्पष्ट म्हणतो.

आजच्या आहारशास्त्राचे तक्ते काढून बघू. अमेरिकेच्या कृषी खात्याचे तक्ते जगभर वापरतात, त्यातले आकडे सांगतो. कच्च्या मांसाचे, १०० ग्रॅमला. हरणाच्या मांसात प्रथिनं साधारण २३ ग्रॅम, चरबी अडीच ग्रॅमच्या आत, ऊर्जा १२० कॅलरी, लोह ३.४ मिलिग्रॅम. (तिकडचं हरीण वेगळं, हे ध्यानात ठेवा, त्यांची शिंगं दरवर्षी झडतात, आपल्या काळविटाची झडत नाहीत. पण स्नायू हा स्नायूच.) रानडुकराचं मांससुद्धा, जे आपण जड म्हणतो, चरबीला तीन-साडेतीन ग्रॅमच्या घरात. सर्वांत बोलका आकडा सशाचा आहे. रानातला ससा: चरबी २.३ ग्रॅम, लोह ३.२ मिलिग्रॅम. पिंजऱ्यात पाळलेला ससा: चरबी साडेपाच ग्रॅम, लोह दीड मिलिग्रॅमच्या आसपास. चरबी दुपटीहून जास्त, लोह निम्मं! जातीत थोडा फरक असेल. पण मोठा फरक जगण्यात आहे. एक पळतो, दुसरा बसून खातो.

कारण समजायला सोपं आहे. जनावर आयतं खाऊन बसलं की उरलेली ऊर्जा चरबी होऊन साठते, आधी कातडीखाली आणि आतड्यांभोवती, मग स्नायूंच्या धाग्यांमध्येसुद्धा. रानातल्या जनावराला उरण्याइतकं मिळतच नाही. जे मिळतं ते पळण्यात जातं. पळणाऱ्या स्नायूला प्राणवायू साठवावा लागतो, तो साठवणारं मायोग्लोबिन नावाचं द्रव्य लाल असतं आणि त्यात लोह असतं. म्हणून रानातलं मांस गडद लाल दिसतं. म्हणजे चरबी कमी आणि लोह जास्त, या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच: धावपळ. ‘हलकं’ आणि ‘ताकदीचं’ हे शब्द एकत्र का नांदतात, त्याचा बराचसा उलगडा इथं होतो.

बराचसा म्हणालो, सगळा नाही. आणि इथं मी थोडा अडून बसणार आहे. कारण आजकाल लोक चरकाचा ‘लघु’ आणि तक्त्यातला ‘कमी चरबीचा’ हे एकच समजतात आणि ‘बघा, आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ म्हणून मोकळे होतात. लघु म्हणजे पचायला हलकं. ते खाणाऱ्याच्या अग्नीवर अवलंबून आहे, ऋतूवर आहे, किती खाल्लं त्यावर आहे. चरबी किती, हे मात्र मांसाच्या तुकड्याचं मोजमाप आहे. खाणारा कोणी असो, ते बदलत नाही. एक नातं आहे, दुसरा गुण आहे. दोन्हींची दिशा बऱ्याच वेळा जुळते, पण दोन्ही एक नव्हेत. हा फरक का महत्त्वाचा, त्याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण उत्तर ध्रुवाकडचं. तिथल्या शिकाऱ्यांना जुना अनुभव होता, की हिवाळ्यात नुसते रोडके ससे खाऊन राहिलेला माणूस भरपेट खाऊनही खंगतो. जुलाब लागतात, डोकं दुखतं, भूक भागतच नाही. स्टेफान्सन नावाच्या ध्रुवप्रवाशानं यावर लिहिलं आणि १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्वतःवर प्रयोग करून घेतला. नुसतं चरबीविरहित मांस दिल्यावर दोन-तीन दिवसांतच त्याचं पोट बिघडलं; चरबी मिळाल्यावर तो सुधारला. हिशोब करून बघा ना. दिवसाला २००० कॅलरी हव्यात आणि १०० ग्रॅम मांसात १२० मिळतात, तर जवळजवळ पावणेदोन किलो मांस खावं लागेल. त्यातून पावणेचारशे ग्रॅमच्या वर प्रथिनं शरीरात जातील. इतक्या प्रथिनांतला नायट्रोजन बाहेर टाकणं यकृताच्या आवाक्याबाहेरचं आहे. तेव्हा रोडकेपणा हा स्वतःहून गुण नाही. ज्याच्या ताटात तेल-तूप भरपूर आहे त्याच्यासाठी तो गुण. ज्याच्या ताटात दुसरं काहीच नाही त्याच्यासाठी तोच दोष. आपल्याकडं हा दोष दिसला नाही, कारण आपल्याकडं मांस कधी एकटं आलंच नाही. सोबत ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी आली. ऊर्जा भाकरीनं दिली, प्रथिनं आणि लोह मांसानं. शिवाय मांसासोबत खाल्लं की भाकरीतलं लोहही जरा जास्त शोषलं जातं, एरवी धान्यातलं फायटेट त्याला अडवून धरतं. कोरड्या प्रदेशातल्या गरिबाच्या ताटाची ही जोडी फार चांगली होती.

दुसरं उदाहरण आपल्याच चुलीवरचं. चरकाच्या यादीत ‘संस्कार’ होता, आठवतंय? रोडकं मांस वातड होतं, म्हणून आपण ते तेलात परततो, सुकं खोबरं भाजून वाटतो, शेंगदाण्याचा कूट घालतो. एक किलो हरणाच्या मांसात मिळून चरबी २४ ग्रॅम. फोडणीला अर्धी वाटी तेल घेतलं, म्हणजे ७५ मिलिलिटर, की झाली सत्तर ग्रॅम. वर खोबरं वेगळंच. त्यात निम्म्याहून जास्त चरबीच. तर्रीचा लाल तवंग आला की मांस हरणाचं होतं का बोकडाचं, याला आहाराच्या हिशोबानं काही अर्थ उरत नाही. (हशा) हसू नका, हलकं म्हणून खाणाऱ्यांचा हाच घोटाळा असतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, ‘मानसोल्लास’ लिहिला. आपला मुलूख त्याच्याच राज्यात होता. त्यात शिकारीवरही प्रकरण आहे आणि मांसाच्या पक्वान्नांवरही. राजाला हलकं खायची गरज नव्हती, चविष्ट खायची होती. ती परंपरा वेगळी, वैद्याची वेगळी. आपण दोन्ही एकाच पातेल्यात घालतो.

आता बोकडाकडं येऊ, कारण खरा मुद्दा तिथं आहे. चरक शेळी-मेंढीपाशी येतो तेव्हा त्याची वर्गवारी अडते. तो म्हणतो, यांचं चरणं मिश्र आहे, कोरड्यातही आणि पाणथळातही, म्हणून यांचा वर्ग निश्चित सांगता येत नाही. इतका शिस्तीचा माणूस, पण शेळीला कुठल्या कप्प्यात कोंबली नाही. मला त्याचं हे फार आवडतं. आणि लगेच सांगतो, की बोकडाचं मांस फार थंड नाही, फार जड नाही, फार स्निग्ध नाही, आणि माणसाच्या शरीरधातूंशी मिळतंजुळतं आहे.

तक्ता काय म्हणतो? चरबी काढलेल्या बोकडाच्या मांसात १०० ग्रॅमला प्रथिनं साडेवीस ग्रॅम, चरबी २.३ ग्रॅम, ऊर्जा १०९ कॅलरी, लोह २.८ मिलिग्रॅम. म्हणजे हरणाच्या जवळपास तेवढंच. लोहात आणि प्रथिनांत किंचित मागं, बस्स. चांपेचा, पोटाकडचा तुकडा घेतला तर चरबी वाढणार, ते ‘शरीराचा भाग’ या कसोटीत आलंच. पण आपली उस्मानाबादी शेळी दिवसभर बांधाबांधानं फिरते, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला खाते, मैलोन्‌मैल चालते. ती जांगल प्राण्यासारखीच जगते. म्हणून तिचं मांसही तसंच. जो गुण आपण हरणात शोधतो तो आपल्या दावणीला बांधलेला आहे.

पक्ष्यांचंही तसंच. रानातला लावा धरायचा नाही, पण फार्मवर पाळलेला जपानी लावा मिळतो. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेनं त्याचं पालन आपल्या देशात रुजवलं. त्याचं मांस कातडीशिवाय घेतलं तर चरबी साडेचार ग्रॅम आणि लोह साडेचार मिलिग्रॅम. कातडीसकट चरबी बारा ग्रॅम. उकिरडा उकरत फिरणारी गावरान कोंबडीही याच रांगेतली. विष्किर वर्ग म्हणजे उकरून खाणारेच की.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपला काळवीट १९३२ पासून अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये आहे, आणि आपला रोहीसुद्धा, म्हणजे नीलगाय. तिथं ते मोकळ्या कुरणात वाढतात, शिकारीला कायद्यानं परवानगी आहे, आणि रोह्याचं मांस महागड्या हॉटेलांत कमी चरबीचं म्हणून विकलं जातं. इकडं भोकरदन-जाफ्राबादचा शेतकरी रात्रभर जागून रोह्याला हरभऱ्यातून हाकलतो.

मग रानातलं मांस सुटलं, त्यानं कोणाचं नुकसान झालं? तुमचं-माझं नाही. ज्यांचं झालं त्यांच्याबद्दल दोन शब्द बोललंच पाहिजे. फासेपारधी समाज पिढ्यान्‌पिढ्या तितर, लावे, ससे, हरणं फाशात धरून जगला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली कितीतरी जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो १९५२ साली कागदावरून पुसला. वीस वर्षांनी शिकारबंदीचा कायदा आला. काळविटासाठी तो आवश्यक होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो नसता तर काळवीट आज चित्रातच बघावं लागलं असतं. पण संस्थानिक हौसेनं मारत होते, पारधी पोटासाठी धरत होता, आणि कायद्यानं दोघांना एकच वाक्य ऐकवलं. संस्थानिकाच्या ताटात दुसरं होतं. पारध्याच्या ताटातून प्रथिनं, लोह, जस्त, बी-१२ एकदम गेलं आणि जागेवर उरली भाकरी, तीही मिळाली तर. त्याला जमीन नव्हती, शेळी घ्यायला भांडवल नव्हतं, आणि पाल टाकलं की गावकरी पोलीस बोलवायचे. शिकार बंद करताना त्या घराच्या दारात चार शेळ्या बांधायला हव्या होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे. अजूनही वेळ गेलेली नाही.

दुसरं नुकसान सोसतात त्या घरातल्या बायका, सगळ्याच समाजांत. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणं पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरतं, बाईला २९ लागतं. आणि रविवारी मटण शिजलं की वाढणी कशी होते? फोडी आधी पुरुषांना, मग पोरांना, शेवटी जेवणारीच्या ताटात रस्सा. लोह फोडीत आहे, रश्श्यात नाही! रश्श्यात मीठ, तेल आणि चव. मांस कोणत्या जनावराचं, यावर आपण इतका वाद घालतो. फोड कोणाच्या ताटात पडली, यावर कोणी बोलत नाही. चरकानं मांस तपासायच्या इतक्या कसोट्या दिल्या, त्यात ही एक राहिली असं मला वाटतं.

माळकरी मंडळी बसलेली आहेत, त्यांच्यासाठी एवढंच: डाळी, हरभरा, पालेभाजी यांतलं लोह कमी शोषलं जातं, पण वर लिंबू पिळलं तर वाढतं, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर घटतं. बी-१२ दूध-दह्यातून मिळतं. मांसाशिवाय निभतं, फक्त लक्ष ठेवावं लागतं.

आता प्रश्न घेऊ.

[प्रश्न: सर, रानडुक्कर पिकाची नासाडी करतं, ते मारायला परवानगी मिळते म्हणतात. मग ते खाल्लं तर काय बिघडलं?]

परवानगी वन खात्याची लागते, ती नासाडी थांबवण्यासाठी असते, खाण्यासाठी नाही. मारलेलं जनावर कायद्यानं सरकारची मालमत्ता होतं. आरोग्याचंही बघा. रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात, अर्धवट शिजलं तर त्या माणसात येतात. बंदुकीनं मारलं तर शिशाचे बारीक कण मांसात पसरतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. आणि दमवून, पळवून मारलेल्या कुठल्याही जनावराच्या स्नायूतलं ग्लायकोजन संपलेलं असतं. मग मेल्यावर मांसात नेहमीसारखी आंबटी तयार होत नाही, ते काळपट, कोरडं राहतं आणि लवकर नासतं. लोक त्याच काळपट रंगाला ताकद समजतात.

[प्रश्न: माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, हिमोग्लोबिन नऊ आहे. तिला आठवड्यातून किती मटण द्यावं?]

ताई, नऊ असेल तर आधी गोळी आणि डॉक्टर, मग मटण. १०० ग्रॅम मटणात लोह पावणेतीन मिलिग्रॅम. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६०. तिच्या वयाला ती गोळी फुकट आहे, पण नऊवर असलेल्या मुलीला आठवड्याची एक पुरत नाही, जास्त लागते. किती, ते प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर सांगतील. जंताची गोळी झाली का तेही विचारा. मांसातलं लोह अंगाला चांगलं लागतं, म्हणून खात असाल तर आठवड्यातून दोनदा, दर खेपेला चार-पाच फोडी, सोबत भाकरी आणि लिंबू. कलेजी अधूनमधून चालेल, तिच्यात लोह मांसाहून बरंच जास्त असतं. आणि तिच्या ताटात आधी वाढा.